सेटबॅक मामा

आम्ही खोल्या बघायला गेलो होतो आणि त्या गृहस्थांनी आम्हाला अर्धा तास नुसती मोकळी जागा दाखवली.

म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. माझ्या नवऱ्याला मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली, मला एका शाळेत शिकवायचं काम मिळालं, आणि सातारा सोडून आम्ही थेट म्हैसुरात येऊन पडलो. कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. जयलक्ष्मीपुरमात एका मराठी बोलणाऱ्या कुटुंबाकडे वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं, तेव्हा मला देव भेटल्याचा आनंद झाला. फाटक उघडून आत गेलो तर पांढरं धोतर, वर खाकी शर्ट आणि हातात कॉफीचा पेला घेतलेले एक उंच, वाळके गृहस्थ समोर उभे.

"मी इथे शाळेत शिकवते. खोल्या बघायच्या होत्या," मी म्हटलं.

"ते राहू दे की. आधी हे बघा," असं म्हणून ते घराच्या डाव्या अंगाला वळले.

त्यांनी आम्हाला अख्ख्या घराला प्रदक्षिणा घालायला लावली. डावीकडच्या पट्ट्यात उभे राहून दोन्ही हात पसरले आणि विचारलं, "लागतंय काय कुठं?" कुठंच लागत नव्हतं. मागच्या बाजूला लख्ख झाडलेलं अंगण होतं. त्यात झाड नाही, दगड नाही, धुण्याची दोरीसुद्धा नाही. नवऱ्याने स्वयंपाकघराबद्दल विचारलं तर म्हणाले, "आहे की. नळ आहे, मोरी आहे. ते सगळ्यांच्या घरी असतं." मग पेल्यातला शेवटचा घोट संपवून त्यांनी आम्हाला समजावलं, "भोवतीनं फिरता येत नाही ते घर नव्हे, टीचर. ती पेटी. गोत्तायता? कळलं काय?" मला अर्थातच काही गोत्त झालेलं नव्हतं. पण मान हलवली, आणि खोल्या न बघताच आम्ही त्या घरचे भाडेकरू झालो.

सगळे त्यांना मामा म्हणत. पाठीमागे मात्र रस्त्यावरची कन्नड मंडळी त्यांना 'सेटबॅक मामा' म्हणायची. घर आणि कंपाऊंडची भिंत यांच्यामध्ये नियमाने जी जागा सोडावी लागते तिला सेटबॅक म्हणतात, आणि साईटच्या किती भागावर छप्पर घालायचं यालाही नियमाची हद्द असते, हे ज्ञान मला त्या घरात पहिल्याच आठवड्यात झालं. म्हैसुरात प्लॉटला साईटच म्हणतात. लोक साईट घेतात, नियमात बसणारा प्लॅन काढून मंजूर करून घेतात, आणि मग मंजूर प्लॅन गुंडाळून ठेवून भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधतात. मामांच्या रस्त्यावर तर तो रिवाजच होता.

मामांचे वाडवडील कापड रंगवणारे आणि छापणारे. तो धंदा वडिलांच्या काळातच बसला. मामा मॅट्रिक होऊन एका सरकारी कचेरीत ट्रेसर म्हणून लागले. तिथे मंजुरीसाठी येणारे घरांचे प्लॅन पारदर्शक कापडावर शाईने उतरवून घ्यायचे, हे त्यांनी जन्मभर केलं. दुसऱ्याने काढलेली रेघ, हे फक्त तिच्यावरून पेन फिरवणार. पण रविवारी सायकल काढून ते ती घरं बघायला जायचे, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. आपण काळजीपूर्वक मोकळी दाखवलेली जागा कुठे न्हाणीघराने खाल्लेली, कुठे गॅरेजने. "कागदावर सगळी घरं सज्जन असतात, टीचर," ते म्हणायचे. या गावात निदान एक तरी घर आपल्या प्लॅनसारखं असावं, अशी त्यांनी मनाशी गाठ मारली, आणि साईट मिळाल्यावर ते घर स्वतःच बांधलं.

त्या घराचा मंजूर प्लॅन त्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावला होता. लोक जिथे आईवडिलांचा फोटो लावतात, बरोबर तिथे. आयुधपूजेला त्याला झेंडूची माळ पडायची. एकदा माझे सासरे साताऱ्याहून आले होते, त्यांनी चप्पल काढून त्या निळ्या कागदाला भक्तिभावाने नमस्कार केला. कुठल्यातरी देवीचं यंत्र असणार, अशी त्यांची समजूत. मामा प्रसन्न झाले. "बघा, साताऱ्याच्या माणसाला कळतं," म्हणाले. सासऱ्यांना काय कळलं होतं ते आम्ही शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

गृहप्रवेशाला मामांना बोलवावं तर पंचाईत, न बोलवावं तर शेजारधर्म मोडतो. आहेर देऊन झाला की ते सरळ घराच्या मागच्या बाजूला जायचे. म्हणून यजमान लोक त्यांना दारातच अडवून पाटावर बसवायचे आणि चिरोटीवर चिरोटी वाढायचे. पोट भरलं की माणूस चालत नाही, असा हिशोब. मामा सगळ्या चिरोट्या खायचे, ढेकर द्यायचे आणि मग मागे जायचेच. एका घरी परत येऊन भरल्या पंगतीत ते यजमानांना म्हणाले, "मागं एक हात जागा कमी सोडलीत. पण पायसम फर्स्टक्लास!" दोन्ही गोष्टी अगदी सारख्याच मनापासून. त्या गृहस्थांना राग येईना आणि हसूही येईना.

मला मात्र मामांचा हट्ट खरा कळला तो एप्रिलमध्ये. त्या महिन्यात म्हैसुरातल्या प्रत्येक घरी हप्पळ-संडिगे घालतात, म्हणजे आपले पापड-सांडगे. त्याला कडकडीत ऊन लागतं. आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेल्या त्या घरांमध्ये ऊन पडायला जागाच शिल्लक नव्हती. तेव्हा परातीच्या पराती घेऊन सगळ्या बायका मामांच्या अंगणात. शेजारच्या डॉक्टरांनी तर मागे एक जादा खोली काढून आपल्या साईटचा शेवटचा कोपराही झाकला होता. त्यांची बायको सगळ्यांत मोठी परात घेऊन सगळ्यांत आधी यायची. मामा सगळ्यांना जागा द्यायचे, चटया आणून द्यायचे, कावळे हाकायचे. "बिसिलुला, उन्हाला हो, भाडं नाही. पण बोलणं ऐकावं लागतं," असं म्हणून उन्हात उभे राहून ते सेटबॅकवर व्याख्यान द्यायचे. बायका सांडगे उलटत उलटत "हौदु मामा, हौदु मामा" असा होकार भरत राहायच्या. कोणीही घरी जाऊन एक वीटसुद्धा काढली नाही. मामांना त्याचं काही वाटत नसे. पुढच्या वर्षी तेच व्याख्यान, तीच परात.

मामी वेगळ्या. बुटक्या, गोऱ्या, सतत काहीतरी पुटपुटणाऱ्या. नवऱ्याच्या वेडाला त्या हसायच्या, पण कोणी बाहेरचा हसला की त्याला पुढच्या वेळी कॉफी पातळ मिळायची. बाहेरचं कोण आणि घरचं कोण हे त्यांचं त्या ठरवायच्या. मी तिसऱ्या महिन्यातच घरची झाले.

आता मुख्य गोष्ट सांगते. मामींची आई नंजनगूडला मुलाकडे असायची. मुलाची बदली बेंगळूरला झाली आणि त्याला तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. म्हातारीचे गुडघे गेलेले. जिना तिला जमणार नव्हता. मामींनी ठरवलं, आईला इथे आणायचं. कुणाचीच हरकत नव्हती, मामांची तर नाहीच. सासूशी त्यांचं मस्त जमायचं. प्रश्न खोलीचा होता. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि मामा-मामींची एकच झोपायची खोली.

"हॉलमध्ये पलंग टाकू की," मामा म्हणाले.

"नाही," मामी म्हणाल्या. "आई जन्मभर हॉलातच झोपली. लग्न होऊन आली तेव्हा माजघरात, अप्पा गेल्यावर ओसरीवर, पोराच्या घरी हॉलात. लुगडं बदलायला पण तिला लाईट बंद करायला लागतो. तिला मी दार असलेली खोली देणार. अष्टे, बस्स."

"मग कुठं बांधायची?"

मामींनी खिडकीतून मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं.

मामांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. जेवढं झाकायची परवानगी होती तेवढं झाकून झालं होतं. घर अधिक बाजूची पत्र्याची शेड, बेरीज पुरी. एक वीतभर छप्परही आता वाढवता येणार नव्हतं. "नाही जमत," ते म्हणाले, आणि मामींनी त्याच क्षणी नवऱ्याशी बोलणं टाकलं.

वरच्या खोल्या आम्ही सोडतो, तुम्ही वर या, असं माझा नवरा बिचारा सांगायला गेला. मामींनी त्याला झापलंच. "पोटुशी बायको घेऊन कुठं जाणार? आणि आई खाली, मी वर, याला काय अर्थ?" खरंच मला सहावा महिना लागला होता आणि त्या अबोल्यात सगळ्यांत जास्त हाल माझे झाले, कारण दोघं एकमेकांशी बोलायची ती माझ्यामार्फत. मला जिन्यावरून खाली बोलवलं जायचं. "टीचर, त्यांना सांगा, भात वाढलाय." समोर दोन हातांवर मामा बसलेले. "टीचर, विचारा, सारू आहे काय?" मी सांगायची, विचारायची, आणि मग मलाही पान मांडलं जायचं. बाळंतपणाआधी माझं वजन कशाने वाढलं हे मला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना कोडं होतं.

ही बातमी रस्त्यावर पसरायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं ज्यांनी मामांची व्याख्यानं ऐकली ते सगळे टपून बसले. मामांनी एक खोली काढली की सगळ्यांची पापं धुऊन निघणार होती. शेजारचे डॉक्टर तर एका सकाळी आपल्या मेस्त्रीलाच घेऊन आले.

"एकच खोली, मामा. म्हातारीसाठी. कोण बघणार आहे?"

"मी बघतो की रोज," मामा म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर मामा जिन्याच्या पायरीवर येऊन बसले. मी तिथेच पालेभाजी निवडत होते. म्हणाले, "लोकांना वाटतं मला आई नको. तसं नव्हे, टीचर. एक वीत जरी बाहेर गेलो ना, तर आजवर जेवढे खोटे प्लॅन मी उतरवले, त्यातलाच हा पण एक. मग मी केलं काय जन्मभर?" मी निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला लागले. मला तेव्हा त्यांचा रागही येत होता आणि वाईटही वाटत होतं.

बाजूच्या शेडबद्दल सांगायचं राहिलं. तिच्यात मामांच्या आजोबांचे कापड छापायचे लाकडी ठसे होते. कोयऱ्या, वेली, हंस, कमळं, सगळे सागवानी, तेलपाणी करून काळेभोर झालेले, खोक्याखोक्यांतून रचलेले. जेवण झालं की मामा रोज तिथे जाऊन बसायचे. एकेक ठसा काढायचे, फुंकर मारायचे, फडक्याने पुसून परत ठेवायचे. तिथे कुणी जायचं नाही असा कायदा नव्हता, पण कुणी जात नसे. आणि माझ्या डोक्यात एक दिवस उजेड पडला. शेड म्हणजे झाकलेलीच जागा. ती उतरवली तर तेवढीच खोली नियमात बसते. मी धावत, म्हणजे त्या दिवसांत जेवढं धावता येईल तेवढं, मामींकडे गेले.

"शेड मागा ना त्यांना!"

मामी डाळ घोटत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे ते. मागितली तर देतील. लगेच देतील. म्हणून तर मागत नाही."

"का पण?"

"अय्यो, टीचर! त्या माणसाकडे बापजाद्याचं म्हणून तेवढंच आहे. खोली त्यांनी अंगणात बांधायची. जिंकायचं तर त्यांच्या नियमाशी जिंकणार मी, त्यांच्या ठशांशी नव्हे."

आता मी इकडचे निरोप तिकडे पोचवायला नेमलेली बाई. हा निरोप मला कुणी दिला नव्हता, पण नवरा-बायकोच्या भांडणात न दिलेले निरोपच पोचवायचे असतात असं माझं मत आहे, आणि आजही ते बदललेलं नाही. दुपारी मामा शेडकडे निघाले तेव्हा मी त्यांना गाठलं आणि मामी काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगून टाकलं. मामा तसेच शेडमध्ये गेले आणि त्या दिवशी संध्याकाळच्या कॉफीलाही बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याच्या खडखडाटाने आम्ही जागे झालो. खाली बघते तर मामा धोतर खोचून शेडच्या आढ्यावर चढलेले आणि एकेक पत्रा सोडवून खाली टाकतायत. मामी हातातलं उलथनं घेऊन बाहेर धावल्या.

"अहो! खाली उतरा आधी! वय काय तुमचं?"

इतक्या दिवसांनी त्या थेट बोलल्या. मामा वरूनच हसले, तोंडभर. "ठसे बोलत नाहीत गं," म्हणाले. "तुझी आई बोलते. खोली बोलणाऱ्याला पाहिजे." मामी तिथेच उलथनं घेऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांना रडू आवरेना.

पण खोकी ठेवायची कुठे? घरात जागा नव्हती, अंगणात झाकायची सोय नव्हती. आणि तेव्हा मामांनी जे केलं ते बघायला अख्खा रस्ता फाटकात आला होता. त्यांनी एक खोकं खांद्यावर घेतलं आणि डॉक्टरांच्या घराच्या मागे गेले. ज्या खोलीकडे इतकी वर्षं त्यांनी मान वर करून बघितलं नव्हतं, तिच्याच दारात जाऊन उभे राहिले.

"डॉक्टर, ही खोली रिकामी आहे काय?"

डॉक्टरांनी मान खाजवली. "आहे. पण मामा, ही प्लॅनमध्ये नाही हं."

"ठाऊक आहे. प्लॅन मीच उतरवला होता."

डॉक्टर खो खो हसले. मामांनी थोडा वेळ तग धरला आणि मग तेही हसले. डॉक्टरांची बायको किल्ली घेऊन आली आणि म्हणाली, "दर वर्षी तुमचं ऊन नेते मामा, आता आमची सावली घ्या की." संध्याकाळपर्यंत सगळी खोकी तिकडे गेली. रस्त्यावरच्या प्रत्येकाने एकेक उचललं. पुढे मामा रोज जेवल्यावर त्या नियमबाह्य खोलीत जाऊन ठसे पुसत बसायचे, आणि डॉक्टर त्यांना तिथे कॉफी नेऊन द्यायचे.

मामा झाले तरी मामाच. नवा प्लॅन काढून मंजुरीचा शिक्का येईपर्यंत त्यांनी एक वीट हलवू दिली नाही. तपासायला एक तरुण इन्स्पेक्टर आला. त्याने टेप लावला, कागद बघितला, परत टेप लावला. "सार, काहीतरी चुकतंय," तो मामांना म्हणाला. "सगळं जुळतंय." त्याच्या नोकरीत असं आधी घडलं नव्हतं. मामांनी त्याला जेवायला ठेवून घेतलं आणि पानात होळिग्यांवर होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, स्वतःच्या हाताने वाढल्या.

शेडच्या जागी, अंगणाकडे तोंड करून खोली झाली. लहानशीच. पूर्वेला खिडकी, एक पलंग, एक फळी आणि सागवानी दार. दाराची आतली कडी मामांनी स्वतः बसवली. वंगण घालून, मागे-पुढे सरकवून, म्हातारीच्या बोटांना जोर पडतो का ते त्यांनी मामींकडून तपासून घेतलं.

आज्जी आल्या तेव्हा आम्ही सगळे अंगणात जमलो होतो. डॉक्टर, त्यांची बायको, माझा नवरा, आणि एव्हाना हत्तीसारखी झालेली मी. रिक्षातून एक ट्रंक आणि एवढ्याशा आज्जी उतरल्या. मामींनी हात धरून त्यांना खोलीपर्यंत आणलं. आज्जींनी भिंतीला हात लावला, पलंगाला लावला, दाराच्या फळीला लावला. "ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमची, अत्ते," मामा म्हणाले.

आज्जींनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि दार आतून लोटलं. मग कडी सरकल्याचा आवाज आला.

आम्ही थांबलो. आतून काही आवाज येईना. मामींचा चेहरा उतरला. त्यांनी दारावर हलकेच थाप मारली. "आई? काय झालं? बरं वाटत नाही काय?"

"काही नाही गं," आतून आवाज आला. "आतून लावून बघितलं."

मामींनी पदर तोंडात धरला. डॉक्टरांची बायको डोळे पुसायला लागली, आणि मी तर तिथे भोकाडच पसरलं असतं. थोड्या वेळाने पुन्हा आतून आवाज आला. "सगळे बाहेर उभे असतील नाही? उघडू काय?"

मामी पुढे झाल्या, पण मामांनी त्यांना हाताने थांबवलं आणि दाराशी वाकून म्हणाले, "नको, अत्ते. घाई नाही. आम्ही बसतो इथं."

आणि आम्ही सगळे खरंच तिथे अंगणात खाली बसलो.